अणुसंमीलन ऊर्जा : शक्यता आणि पैसा

दोन हलकी अणुकेंद्रके जुळून एक जड केंद्रक तयार होते, तेव्हा मूळ वस्तुमानाचा थोडा अंश ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. या क्रियेला अणुसंमीलन किंवा रूढ इंग्रजी नावाने फ्यूजन म्हणतात. तारापूर किंवा कैगा येथील अणुभट्ट्यांत याच्या उलट घडते; तिथे युरेनियमचे केंद्रक फुटते, म्हणजे विखंडन होते. सूर्य फ्यूजनवर चालतो हे शाळेच्या पुस्तकात असते, पण सूर्याची रीत पृथ्वीवर उपयोगाची नाही, हे सहसा नसते. सूर्याच्या गाभ्यातल्या एका घनमीटरात जेमतेम पावणेतीनशे वॉट उष्णता निर्माण होते. कुजत पडलेल्या शेणखताच्या ढिगाची मजल त्याच्या आसपासच असते. सूर्याचे निभते ते आकारमानावर. शहराला वीज पुरवणाऱ्या यंत्रात अभिक्रिया याहून हजारो पट दाट व्हायला हवी. त्यासाठी इंधनही वेगळे लागते आणि तापमानही सूर्याच्या गाभ्याहून दहापट, म्हणजे १५ कोटी अंश सेल्सिअसच्या घरात न्यावे लागते.

हे इंधन म्हणजे हायड्रोजनची दोन जड रूपे, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. त्यांच्या मिलनातून हेलियमचे एक केंद्रक आणि एक न्यूट्रॉन सुटतो. १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपैकी १४.१ दशलक्ष न्यूट्रॉन घेऊन जातो, बाकी ३.५ हेलियमच्या वाट्याला येते. ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हेलियमवर विद्युतभार असल्यामुळे तो आत अडकून इंधन तापते ठेवतो. न्यूट्रॉनवर भार नसतो. तो भिंतीत घुसतो, तिथे उष्णता देतो आणि भिंत खराबही करतो. विजेची आशा आणि अभियंत्यांची डोकेदुखी अशी एकाच कणाच्या पाठीवर बसलेली आहे.

इतक्या तापमानाला पदार्थ प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंचे इलेक्ट्रॉन आणि केंद्रके सुटी होतात. असा प्लाझ्मा कोणत्याही धातूच्या भांड्यात ठेवता येत नाही. ब्रिटिश अभियंता जॉन लॉसन याने १९५५ मध्ये गणित मांडले की इंधनाची घनता, त्याचे तापमान आणि उष्णता टिकून राहण्याचा काळ या तिन्हींचा मेळ एका मर्यादेपलीकडे गेला तरच अभिक्रिया स्वतःचा खर्च भागवते. तिथे पोचण्याच्या मुख्य वाटा दोन. एकीत विरळ प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात काही सेकंद किंवा मिनिटे धरून ठेवायचा. टोकामाक नावाचे मेदूवड्याच्या आकाराचे पोकळ कडे या वाटेचे. दुसरीत इंधनाची सूक्ष्म गोळी लेसरने इतकी चेपायची, की फुटून विखुरण्याआधीच, सेकंदाच्या अब्जांश भागात, तिच्यात अभिक्रिया उरकावी.

मिळालेली ऊर्जा भागिले दिलेली ऊर्जा, या गुणोत्तराला शास्त्रज्ञ क्यू म्हणतात. बातम्यांमधला बहुतेक गोंधळ याच क्यूपायी होतो. इथे दिलेली ऊर्जा म्हणजे प्लाझ्मात किंवा गोळीपर्यंत पोचलेली ऊर्जा. चुंबके थंड ठेवणारे पंप, लेसर चार्ज करणारी यंत्रणा, कारखान्याचे वीजबिल हे सारे या हिशेबाबाहेर राहते. क्यू एक झाला म्हणून वीज मिळत नाही. वीज विकायची असेल, तर चुंबकीय यंत्रात तो साधारण वीसच्या पलीकडे हवा, आणि लेसरच्या मार्गात त्याहून पुष्कळ जास्त.

फ्यूजन नेहमीच तीस वर्षे दूर असते, ही थट्टा जुनी आहे आणि ती अगदीच अन्यायाची नाही. परंतु ती सारा दोष काळाला देते. या विषयाचा इतिहास दिनदर्शिकेपेक्षा जमाखर्चाच्या वह्यांतून जास्त नीट वाचता येतो. पैसा कधी आला, कोणी दिला आणि देणाऱ्याला नेमके काय हवे होते, यावर यंत्रांचे आकार ठरले. आणि कोणत्याच देणाऱ्याला न भावलेली कामे मागे पडली.

सुरुवात अफवेने झाली. मार्च १९५१ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष हुआन पेरोन यांनी वेमुल बेटावर रोनाल्ड रिश्टर या शास्त्रज्ञाने नियंत्रित फ्यूजन साधल्याची घोषणा केली. ती खोटी निघाली. पण ती वाचून प्रिन्स्टनचा खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर विचाराला लागला आणि त्याने स्टेलरेटर नावाची पिळदार चुंबकीय नळी कल्पिली. अमेरिकी सरकारने त्यावर पैसे लावले. त्याच सुमारास मॉस्कोत इगोर ताम आणि आंद्रेई साखारोव्ह यांनी टोकामाकची कल्पना मांडली. काम सगळीकडे गुप्त होते, कारण हायड्रोजन बॉम्ब त्याच घरातला.

या गुप्ततेला पहिली जाहीर फट पाडली ती एका मुंबईकराने. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष होमी भाभा यांनी उद्घाटनाच्या भाषणात भाकीत केले, की येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग सापडेल. भाकीत चुकले. तरी त्यानंतर बड्या देशांना असे संशोधन आपल्याकडे चालू आहे, हे कबूल करावे लागले, आणि १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत बरीचशी गुपिते टेबलावर आली. त्याच वर्षाच्या जानेवारीत ब्रिटनने हारवेल येथील झेटा यंत्रात फ्यूजन झाल्याचा दावा गाजावाजा करून केला आणि काही महिन्यांत तो मागे घेतला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते.

झेटाच्या फजितीमुळे पुढच्या दाव्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी टी-३ टोकामाकचे आकडे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्यांचा विश्वास बसला नाही. आर्त्सिमोविच यांनी वाद घातला नाही. ब्रिटिशांनाच येऊन मोजा म्हणून सांगितले. शीतयुद्धाच्या ऐन भरात कलहम प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ आपली लेसर-उपकरणे खोक्यांत भरून मॉस्कोला गेले. प्लाझ्मातून लेसरचा किरण सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवर विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट किती रुंदावतो ते पाहायचे, अशी ती पद्धत. तिच्यात यंत्रमालकाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही. १९६९ मध्ये निकाल आला: तापमान सुमारे एक कोटी अंश, रशियन म्हणत होते तेवढेच. प्रिन्स्टनने आपला स्टेलरेटर उकलून त्याचा टोकामाक केला. फ्यूजनच्या इतिहासात पैशाची दिशा एका मोजमापाने इतकी लख्ख बदलल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडत नाही.

मोठा पैसा आला तो १९७३ च्या तेलटंचाईनंतर. अमेरिकेचे टीएफटीआर, युरोपचे जेट आणि जपानचे जेटी-६० ही तिन्ही यंत्रे त्या भीतीची अपत्ये. १९७६ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा संशोधन विभागाने एक आराखडा केला. त्यात खर्चाच्या पाच पातळ्या होत्या. सर्वांत सढळ पातळीवर १९९० च्या सुमारास प्रात्यक्षिक भट्टी उभी राहील, मधल्या पातळ्यांवर १९९३, १९९८ किंवा २००५ साल उजाडेल, आणि तेव्हाचा खर्च तसाच चालू ठेवला तर भट्टी कधीच होणार नाही, असे त्यात आलेखाने दाखवले होते. प्रत्यक्षात खर्च काही वर्षे वाढला आणि नंतर त्या शेवटच्या रेषेच्याही खाली घसरला. १९८० मध्ये काँग्रेसने शतक संपण्याआधी प्रात्यक्षिक भट्टी उभारण्याचा कायदा केला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली. कायदा राहिला, रक्कम आली नाही. पुढे तेल स्वस्त झाले.

त्या काळाचे सर्वांत बोलके स्मारक कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत उभे राहिले. एमएफटीएफ हे दोन्ही टोकांना चुंबकीय बुचे असलेले अवाढव्य यंत्र ३७ कोटी २० लाख डॉलर खर्चून पुरे झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याचा समर्पण सोहळा झाला आणि लगोलग, अंदाजपत्रकात पैसे नाहीत म्हणून, ते बंद करण्यात आले. त्यात प्लाझ्माचा एकही प्रयोग झाला नाही. पुढे ते मोडून काढले. दहा वर्षांनी, १९९६ च्या अंदाजपत्रकात, अमेरिकेच्या फ्यूजन कार्यक्रमाला सुमारे एक तृतीयांश कात्री लागली आणि १९९४ मध्ये १०.७ मेगावॉट शक्ती दाखवलेला टीएफटीआर १९९७ मध्ये बंद झाला.

मधल्या काळात १९८९ चा थंड फ्यूजनचा प्रसंग घडून गेला. यूटा विद्यापीठाच्या पत्रकार परिषदेत पॉन्स आणि फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी साध्या विद्युतघटात फ्यूजन झाल्याचे सांगितले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्या वर्षी यावर उत्साहाने प्रयोग झाले. बहुतेक प्रयोगशाळांना तो परिणाम पुन्हा मिळाला नाही आणि विषय मुख्य प्रवाहातून बाजूला पडला. त्याचा भुर्दंड मात्र गरम फ्यूजनवाल्यांनाही बसला; निधी देणाऱ्यांच्या कानाला ‘फ्यूजन’ हा शब्दच खोटा वाटू लागला.

पुढचा टप्पा मुत्सद्देगिरीच्या पैशाचा. नोव्हेंबर १९८५ मध्ये रेगन आणि गोर्बाचोव्ह जिनिव्हात भेटले. अण्वस्त्रांवर एकमत होईना, तेव्हा निदान फ्यूजनवर एकत्र काम करू, एवढे ठरले. त्यातून इटर प्रकल्प जन्मला. १९९८ चा पहिला आराखडा फार महाग ठरला, अमेरिका बाहेर पडली, यंत्र आखडते घेतले गेले, २००३ मध्ये अमेरिका परतली. डिसेंबर २००५ मध्ये भारत आला आणि २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये सात भागीदारांनी करारावर सह्या केल्या. दक्षिण फ्रान्समधल्या कादाराश येथे यंत्र उभे राहत आहे. ५० मेगावॉट उष्णता प्लाझ्मात घालून ५०० मेगावॉट काढायची, म्हणजे क्यू दहा, हे त्याचे उद्दिष्ट. वीज तयार करण्याची सोय त्यात मुळात नाहीच.

इटरचा खर्च बहुतांशी रोखीत नव्हे तर वस्तूंत वाटलेला आहे. यजमान युरोप सुमारे ४५ टक्के उचलतो, बाकी सहा जण प्रत्येकी सुमारे ९ टक्के. हेतू हा, की प्रत्येक देशातल्या कारखान्यांना हे तंत्र शिकता यावे. शिकण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम, वेळापत्रकाच्या दृष्टीने घातक. २०२२ मध्ये आढळले की निर्वात कोठीच्या प्रचंड पोलादी खंडांच्या कडा ठरल्या मापात नाहीत, त्यामुळे वेल्डिंगची यंत्रे त्यांवर चालू शकत नाहीत. शिवाय औष्णिक कवचावर बसवलेल्या शीतनळ्यांना गंजामुळे तडे गेलेले. यंत्राच्या खोल विहिरीत उतरवलेला खंड पुन्हा वर काढावा लागला. करार झाला तेव्हा बांधकामाचा अंदाज ५ अब्ज युरोचा होता. आता तो २० अब्जांच्या पुढे गेला आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकाप्रमाणे संशोधन २०३४ मध्ये सुरू होईल आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये.

तोवर अनुभवाची शिदोरी जुन्या यंत्रांनीच पुरवली. ब्रिटनमधल्या जेटने १९९७ मध्ये २४ मेगावॉट देऊन १६ मेगावॉट मिळवले. २०२३ च्या अखेरीस कायमचे बंद होण्याआधी त्याने सुमारे पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. घरगुती मीटरवर मोजली तर ही १९ युनिट भरते. प्लाझ्मा टिकवण्याची शर्यत वेगळी: २०२५ च्या जानेवारीत चीनच्या ईस्ट यंत्राने १,०६६ सेकंद आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या वेस्टने १,३३७ सेकंद तो धरून ठेवला. मात्र या दोन्ही यंत्रांत ट्रिटियम नव्हते.

शस्त्रांच्या पैशाने काय मिळते, ते लिव्हरमोरच्याच नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत दिसते. तिथे १९२ लेसर किरण साधारण दोन मिलिमीटर व्यासाच्या गोळीभोवतीच्या धातूच्या नळकांड्यावर रोखलेले असतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. प्रयोगशाळेत क्यू पहिल्यांदाच एकच्या वर गेला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ८.६ मेगाज्यूलची मजल गाठली गेली. ही कामगिरी अस्सल आहे. पण २०२२ च्या त्या प्रयोगासाठी लेसर चार्ज करायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, आणि वीजकेंद्राला दर सेकंदाला अशा कित्येक गोळ्या लागतील, तर इथे फार तर दिवसाला एकदोन प्रयोगांची मजल. याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. ही सुविधा अण्वस्त्रे प्रत्यक्ष न उडवता त्यांचे भौतिकशास्त्र तपासण्यासाठी बांधली गेली आणि त्याच खात्यातून तिचा खर्च चालतो. स्वस्तात चालणारे लेसर तिच्याकडून कोणी मागितलेच नव्हते.

गेल्या दशकात चौथ्या प्रकारचा पैसा आला, जोखीम-भांडवलाचा. फ्यूजन इंडस्ट्री असोसिएशन या कंपन्यांच्या संघटनेच्या २०२५ च्या पाहणीनुसार जगातल्या ५३ कंपन्यांनी आजवर सुमारे पावणेदहा अब्ज डॉलर उभे केले. यामागे घबराट किंवा फॅशन आहेच, पण एक खरी तांत्रिक घटनाही आहे. टोकामाकची शक्ती चुंबकीय क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढते. क्षेत्र दुप्पट तर तेवढ्याच जागेत शक्ती सोळापट. नव्या उच्च-तापमान अतिसंवाहक पट्ट्यांमुळे तीव्र क्षेत्र आवाक्यात आले. एमआयटीतून निघालेल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टम्सने सप्टेंबर २०२१ मध्ये २० टेस्लाचे मोठे चुंबक चालवून दाखवले आणि त्याच वर्षी १.८ अब्ज डॉलर मिळवले. तिच्या स्पार्क यंत्राची त्रिज्या १.८५ मीटर, इटरची ६.२. मॅसॅच्युसेट्समध्ये ते उभे राहत असून त्याचे पहिले उद्दिष्ट क्यू दोनच्या वर नेण्याचे आहे.

खासगी पैसा तारखा मागतो, म्हणून कंपन्या तारखा देतात. हेलियन या कंपनीने २०२८ पासून वीज देण्याचा करार मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टशी केला. कॉमनवेल्थच्या व्हर्जिनियातल्या नियोजित केंद्राची २०० मेगावॉट वीज घेण्याचे गूगलने २०२५ मध्ये ठरवले. दोन्ही बातम्यांत वीज अजून तयार व्हायची आहे. गिऱ्हाईक मात्र आधी सापडले, कारण डेटा सेंटरांची भूक मोठी आहे. अशा करारांना फसवणूक म्हणणे चूक, आणि पुरावा म्हणणे त्याहून चूक.

आता मागे पडलेल्या कामांकडे वळता येते. पहिले काम ट्रिटियमचे. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे, साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक. ट्रिटियम किरणोत्सारी असून १२.३ वर्षांत निम्मे उरते, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा होत नाही. नागरी वापरासाठी ते मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून मिळते आणि साऱ्या जगाचा असा साठा साधारण वीस-तीस किलोंचा आहे. उलट १,००० मेगावॉट फ्यूजन-शक्ती वर्षभर अखंड काढायची तर सुमारे ५६ किलो ट्रिटियम जळते. म्हणून भट्टीने आपले ट्रिटियम आपणच बनवले पाहिजे: प्लाझ्माभोवती लिथियमचे आच्छादन ठेवायचे, न्यूट्रॉन त्यात शिरून ट्रिटियम तयार करतील. प्रत्येक अभिक्रिया एकच न्यूट्रॉन देते आणि एक ट्रिटियम खाते, गळती तर होणारच. म्हणजे हिशेब जुळवायला शिसे किंवा बेरिलियम वापरून न्यूट्रॉनांची संख्या वाढवावी लागते. असे पूर्ण आच्छादन आजवर कोणत्याही यंत्रावर चाललेले नाही. इटरमध्येही त्याचे फक्त नमुने तपासले जाणार आहेत.

दुसरे काम धातूंचे. १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे न्यूट्रॉन पोलादातले अणू जागचे हलवतात, आत हेलियमचे बुडबुडे तयार करतात, धातू फुगतो आणि ठिसूळ होतो. वीजकेंद्राच्या भिंतीला हे वर्षानुवर्षे सोसायचे आहे. असा मारा करून धातू तपासण्यासाठी स्पेनमधल्या ग्रॅनाडाजवळ डोन्स ही सुविधा उभारली जात आहे. तिची गरज तज्ज्ञ कित्येक दशके सांगत होते. पण धातूचा तुकडा वर्षभर भाजण्यात विक्रम नाही, शिखर परिषद नाही, शेअरचा भाव नाही. चारही प्रकारच्या पैशाने तिकडे सारखीच पाठ फिरवली.

आणि हे सगळे जमले तरी विजेचा दर उरतो. फ्यूजन केंद्रात इंधनाचा खर्च नगण्य, बांधकामाचा प्रचंड. म्हणजे दर मुख्यतः व्याज आणि यंत्र किती काळ बंद राहते यांवर ठरेल. किरणोत्सारी झालेली भिंत रोबोटच्या हातांनी बदलायला दर खेपेला महिने लागले, तर तो परवडणार नाही. दरम्यान सौर वीज २०१७ मध्येच राजस्थानातल्या भाडला येथे युनिटला २ रुपये ४४ पैसे या दराने देऊ केली गेली. अर्थात सूर्य मावळल्यावर, पावसाळी आठवड्यात किंवा पोलादाच्या भट्टीसाठी लागणारी अखंड शक्ती हा वेगळा बाजार आहे. फ्यूजनला जागा मिळाली तर तिथे, आणि तिथे त्याची स्पर्धा विखंडनाशी असेल.

भारतात या विषयाचे केंद्र गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था. १९८२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालेल्या कार्यक्रमाची १९८६ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. प्रेधिमान कृष्ण कौ तिचे संस्थापक-संचालक. देशात बांधलेला आदित्य टोकामाक १९८९ मध्ये चालू झाला आणि अतिसंवाहक चुंबकांच्या एसएसटी-१ मध्ये २०१३ साली पहिला प्लाझ्मा निघाला. इटरला भारताने दिलेली सर्वांत ठळक वस्तू क्रायोस्टॅट: सुमारे २९ मीटर व्यासाचे आणि तेवढ्याच उंचीचे, ३,८५० टनांचे निर्वात पात्र, ज्यात सारे यंत्र बसते. लार्सन अँड टुब्रोने ते गुजरातेत हजिरा येथे ५४ खंडांत बनवले, ते खंड समुद्रमार्गे फ्रान्सला गेले आणि तिथल्या खास कार्यशाळेत जोडले गेले. मे २०२० मध्ये त्याचा तळ विहिरीत उतरवला गेला.

भारताची आणखी एक जमेची बाजू क्वचितच चर्चेत येते. इथल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत, तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसह. त्या पाण्यात ट्रिटियम आपसूक साठत जाते. ज्या इंधनावाचून जगभरचे आराखडे अडणार, त्याचा उगम देशात आहे. गांधीनगरच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मांडलेल्या मार्गचित्रात एसएसटी-भारत नावाची भट्टी आहे, अंदाजे खर्च २५,००० कोटी रुपये, आणि तिच्यानंतर २०६० पर्यंत २५० मेगावॉटचे प्रात्यक्षिक केंद्र. एसएसटी-भारत ही संमीलन आणि विखंडन यांची संकरित भट्टी असेल. तिच्या १३० मेगावॉटपैकी १०० मेगावॉट विखंडनातून यायचे आहेत. फ्यूजनचा वाटा तीसचा धरला आहे.